'मेमॉयर'ला मराठीत काय म्हणायचं? (निमित्त : माया अँजेलो)

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका माया अँजेलोंचा छोटा परिचय लिहितेय. इंग्रजीत त्यांना 'मेमॉयरिस्ट अँड पोएट' म्हणतात. मी 'आत्मचरित्रकार' लिहिलं, पण मन मानेना. १९६९ चं पहिलं पुस्तक तर त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना, मुलगा झाल्यावर संपतं. याला चरित्र कसं म्हणू?

उत्तर : शंका रास्त आहे. आत्मचरित्र म्हटलं की जन्मापासूनचा सलग हिशेब डोळ्यांसमोर येतो. बाईंनी एका आयुष्याची सात पुस्तकं केली, शेवटचं २०१३ चं, मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. सरळ 'आठवणी' म्हणा. 'स्मृतिचित्रे' जास्त जवळचा होता, पण तो उच्चारला की लक्ष्मीबाई टिळकच आठवतात.

उत्तर : 'आठवणी' फार निवांत वाटतं हो, आरामखुर्चीतलं. माझं मत 'आत्मकथन'ला. दया पवारांच्या 'बलुतं'नंतर (१९७८) हा शब्द खरा रुळला. चरित्र थोरामोठ्यांचं असतं. कथन कुणीही करावं, आणि त्यातल्या 'मी'मागे अख्खी वस्ती उभी असते. अँजेलोंनी स्वतः एका मुलाखतीत जवळपास हेच सांगितलंय : फ्रेडरिक डग्लससारख्या, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या कहाण्यांची परंपरा आपण चालवतो, म्हणायचं 'मी' आणि अर्थ 'आम्ही'.

दुसरं म्हणजे 'कथन'मध्ये तोंडाने सांगणं आहे. लहानपणी आईच्या मित्राने त्यांच्यावर बलात्कार केला. त्यांनी नाव सांगितलं, आणि पुढे तो माणूस मारला गेला. आपल्या आवाजाने माणूस मेला, असं त्या पोरीच्या मनाने घेतलं. जवळजवळ पाच वर्षं ती भाऊ बेलीखेरीज कुणाशी बोलली नाही. आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स गावी, जिथे आजीचं दुकान होतं, तिथे बर्था फ्लॉवर्स नावाच्या बाईंनी तिला कविता मोठ्याने म्हणायला लावल्या, तेव्हा कुठे वाचा फुटली. तिच्या लिखाणाला 'कथन' नाही तर काय म्हणणार?

उत्तर : पटलं, तरी जरा जपून. आत्मकथन हा शब्द आपल्याकडे दलित साहित्याने कमावलेला आहे. ट्राम कंडक्टर, नर्तकी, कैरोत संपादक, घानात पत्रकार, पुढे विद्यापीठात प्राध्यापक अशा जगभर फिरलेल्या बाईला तो लावताना एक ओळ खुलासा द्या.

उत्तर : खुलासा द्यावा, पण संकोच कशाला? १९७२ मध्ये आपल्या पोरांनी 'दलित पँथर'साठी 'पँथर' हे नाव तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर'कडूनच घेतलं होतं. आता आपला एक शब्द तिकडे गेला तर फिटंफाट.

उत्तर : थोडं अवांतर. 'माया'चा आपल्या मायेशी संबंध जोडू नका, मी एका भाषणात ऐकलंय! खरं नाव मार्गरीट जॉन्सन. भाऊ 'माय सिस्टर' म्हणायचा, त्याचं झालं 'माया'. आडनाव पहिल्या नवऱ्याच्या अँजेलोसवरून.

प्रश्नकर्ती : आभार सगळ्यांचे. आता असं केलंय : "आत्मकथनकार आणि कवियत्री माया अँजेलो (१९२८–२०१४). १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या शपथविधीत त्यांनी स्वतःची कविता वाचली. त्याआधी हा मान १९६१ मध्ये कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना मिळाला होता."

उत्तर : 'कवयित्री'. पहिली वेलांटी 'य'ला, 'व'ला नाही. 'कवियत्री' छापलंत तर वाचनालयातले जोशी काका कार्यक्रमभर तेवढंच बोलतील.