आजीच्या पेटीतली ‘सुलोचना’ कोणती?

महालवाली
नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करून राहिलो आहोत. आजीच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो निघाला. भुवया पेन्सिलीनं ओढल्यासारख्या बारीक, केस आखूड, नजर एकदम धीट. मागे आजीच्या अक्षरात ‘सुलोचना’. मामा म्हणते, ह्या आपल्या सिनेमातल्या सुलोचनादीदी. मला नाही पटत. कोणी सांगेल का?

धरमपेठी
मामांना सांगा, सुलोचना दोन. दीदी म्हणजे लाटकर, जन्म १९२८चा. तुमची बहुतेक रूबी मायर्स, मूकपटातली, जन्म १९०७, पुणे, ज्यू घराणं. १९७३चा फाळके पुरस्कार रूबीचा, पण लोक सर्रास दीदींच्या नावावर खपवतात.

ट्रंककॉलवाल्या काकू
रूबी म्हणजे आमच्या बिरादरीतली हो, टेलिफोन ऑपरेटर! मी बत्तीस वर्षं एक्स्चेंजात काढली. कानाला हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचं बोर्ड, अन् इतवारीचे व्यापारी दर पाच मिनिटांनी, ‘बाई, कलकत्ता लागला का?’ आमचं तोंड कोणी पाहिलं नाही, सगळा पगार आवाजाचा. रूबी मुंबईत हेच काम करायची. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात बोलावलं तर आधी नाहीच म्हणाली. मग गेली, अन् नुसत्या चेहऱ्यावर राणी झाली. १९२७च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त आठ सोंगं एकटीनं केली, त्यात माळी अन् पोलीससुद्धा!

१९३१ला बोलपट आला अन् नेमकी आवाजाचीच पंचाईत. हिंदुस्तानी धड येत नव्हती. आता ऑपरेटर बाईला बोलता येत नाही म्हणजे काय! वर्षभर काम सोडून भाषा शिकली अन् आपलीच जुनी चित्रं बोलकी करून परतली. मूकपट होता ‘इंदिरा बी.ए.’, बोलपट निघाला ‘इंदिरा एम.ए.’ शिकली म्हणून पदवी वाढली, असं मी आपली मनाशी हसते.

मला लागतं ते ‘अनारकली’चं. १९२८ला ती अनारकली, १९३५च्या बोलपटातही तीच. १९५३ला बीना राय अनारकली अन् ही सलीमची माय. एकाच गोष्टीत बाईचं सगळं वय सरलं.

धरमपेठी
काकू, १९२८ला दीदी पाळण्यात अन् रूबी अनारकली! मामांना एवढं एकच सांगा.

ट्रंककॉलवाल्या काकू
अन् पोरी, त्या फोटोला लॅमिनेशन करू नको. माझ्या लग्नाचा फोटो तसाच गेला. प्लास्टिक निघता निघेना, आता ह्यांचे नुसते बूट दिसतात.

महालवाली
नाही करत काकू. मामाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणते, ‘मग दीदींचा फोटो कुठं गेला?’ आता पेटी पुन्हा उपसून राहिला आहे.