घरचं बियाणं: आंतरराष्ट्रीय मान्यता बांधापर्यंत पोचते का?

बांधकरी
मृग जवळ आला की कृषी खातं सांगतं, 'घरचं सोयाबीन बियाणं वापरा'. त्याच सुमारास कुठेतरी छापून येतं की शेतकऱ्याच्या बियाण्यावरच्या हक्काला जगाने मान्यता दिली आहे. पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे.

पीक-जनुकसंपदेचा करार एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) छत्राखाली २००१ मध्ये झाला आणि २९ जून २००४ पासून लागू आहे. त्याचं नववं कलम शेतकऱ्यांच्या हक्कांचं. ९.१ मध्ये पिढ्यानपिढ्या वाणं जपणाऱ्यांचं कौतुक. ९.२ मध्ये हक्क अमलात आणायची जबाबदारी ज्या त्या देशाच्या सरकारवर. आणि ९.३ म्हणतं, बियाणं राखायचे, वापरायचे, देवघेव करायचे, विकायचे जे काही हक्क शेतकऱ्याला असतील त्यांना या कलमामुळे बाधा येणार नाही, पण 'राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून'. नीट वाचा. हे कलम हक्क देत नाही, आपण काढून घेत नाही एवढंच सांगतं.

पुढे १७ डिसेंबर २०१८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकरी-कष्टकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा १२१ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला, ५४ देश तटस्थ राहिले. त्याचं १९ वं कलम थेट बियाण्याच्या हक्काचं. भारताने बाजूने मत दिलं. पण जाहीरनामा तो जाहीरनामाच, त्याच्या जोरावर कोर्टात दावा लावता येत नाही.

आपल्याला खरा हक्क दिला तो आपल्याच २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने. त्याचं कलम ३९(१)(चार) म्हणतं की संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी राखू, पेरू, पुन्हा पेरू, अदलाबदल करू, वाटू आणि विकू शकतो, फक्त ब्रँड लावून विकू शकत नाही. म्हणून माझं मत: या आंतरराष्ट्रीय ठरावांवर शाई घालवण्यापेक्षा ३९ जपा.

कलमवाचक
असहमत. ३९ कुणापासून जपायचं, तेही सांगा की.

तो धोका बाहेरूनच येतो, युपोव्हच्या म्हणजे नवं वाण काढणाऱ्या पैदासकारांना हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या रूपाने. १९७८ च्या युपोव्ह करारात घरचं बियाणं पेरण्यावर बंधन नव्हतं. १९९१ च्या सुधारणेने ते उलटं केलं. आता मूळ नियम 'परवानगीशिवाय नाही' असा, आणि सूट द्यायची की नाही हे देशाने ठरवायचं. ती सूटही फक्त स्वतःच्या शेतावर, 'वाजवी मर्यादेत' आणि पैदासकाराचं हित सांभाळून. शेजाऱ्याला पायलीभर बी देणं त्यात बसत नाही. नव्या देशाला आता १९९१ च्याच करारात शिरता येतं, जुनं दार बंद झालंय. भारताने २००२ मध्ये अर्ज केला होता, सदस्य मात्र अजून नाही.

युरोपात त्याचं काय रूप आहे ते पाहा. घरचं बियाणं फक्त ठरावीक पिकांत चालतं: तृणधान्यं, चारा पिकं, बटाटा, काही तेल आणि तंतू पिकं. भाजीपाला त्या यादीत नाही. ९२ टन धान्य पिकवायला लागेल एवढ्या क्षेत्राच्या आतला तो 'लहान शेतकरी', त्याला माफी. त्यावरच्याने पैदासकाराला मोबदला द्यायचा. दोघांत तसा करार झालेला नसेल तर परवाना शुल्काच्या निम्मा.

व्यापार कराराच्या टेबलावर 'युपोव्ह ९१ स्वीकारा' अशी अट आली की वाटाघाटी करणाऱ्याच्या हातात काहीतरी कागद लागतो. २००१ च्या करारावर सही आणि २०१८ चं मत हे ते कागद. एकटं ३९ आपलीच संसद एका दुरुस्तीने बदलू शकते.

पैदासकार
दोघेही कायद्यात रमलात. बियाणं कोण तयार करणार, ते बोला.

नवं वाण काढायला आठ-दहा वर्षं लागतात. सोयाबीन स्वपरागीत, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग, बी मूळ वाणासारखंच. एकदा पिशवी घेतली की शेतकरी दोन-तीन हंगाम तेच बी राखतो, गावालाही देतो. कंपनीला परतावा कुठून? म्हणून सोयाबीनमध्ये आपल्याकडे गाजलेली वाणं बघा: जेएस-३३५ जबलपूरचं, एमएयूएस-७१ आणि १५८ परभणीची, केडीएस-७२६ म्हणजे फुले संगम कसबे डिग्रजचं. सगळी सरकारी. खासगी पैसा गेला कपाशीत, कारण तिथे संकर आहे, त्याचं बी राखून चालत नाही. हक्क जितका भक्कम, कंपनी त्या पिकापासून तितकी लांब. ३९ ची ही किंमत कुणीच मोजत नाही.

बांधकरी
@पैदासकार, मग सरकारी केंद्रांनी काढलेली वाणं शेतकऱ्यांनी राखली, वाटली, त्यात बिघडलं काय? करदात्याचा पैसा करदात्याच्याच पोत्यात.

चाळणी
बिघडतं ते पोत्यातच. हक्क असला म्हणून बी उगवत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं, आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. तक्रारी तर विकतच्या पिशव्यांच्याही होत्या. कारण सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर सालीच्या अगदी लगत. ते आपटलं, भिजलं किंवा तापलं की दाणा दिसायला ठणठणीत आणि आतून मेलेला. 'वाटण्याचा हक्क' मिरवण्याआधी एवढं तरी करा:

वेगळा तुकडा राखा, शेजारच्या दुसऱ्या वाणापासून किमान ३ मीटर. फुलोऱ्यात एकदा आणि शेंगा पक्व होताना एकदा फिरून भेसळ उपटा. फुलाचा जांभळा-पांढरा रंग आणि शेंगेवरची लव, या दोन खुणांवरच बरीचशी भेसळ सापडते. प्रमाणित बियाण्याच्या शेतात भेसळ ०.५ टक्क्यापर्यंतच चालते.

मळणी १३-१४ टक्के ओलाव्याला, ड्रमचे फेरे मिनिटाला ३५०-४००. इथेच बहुतेकांचं बी मरतं. मळणीवाल्याला एकरामागे पैसे, त्यामुळे तो यंत्र पळवतो. चालू मळणीतच तपासा: १०० दाणे घ्या, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात (कपडे पांढरे करायचं ब्लीच पातळ करून चालतं) पाच-दहा मिनिटं बुडवा. साल फुटलेला दाणा दुप्पट-तिप्पट फुगतो, धड दाणा जवळपास तसाच राहतो. शंभरात दहाच्या वर फुगले तर तिथल्या तिथे फेरे कमी करायला लावा. दुसऱ्या दिवशी तपासून उपयोग नाही.

मग सावलीत वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकवता, थप्पी सात फुटांपेक्षा उंच नको. उंचावरून पोतं आपटू नका.

मे महिन्यात उगवणक्षमता: ओलं गोणपाट पसरा, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा. सहा-सात दिवसांनी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलाच मोजायचा. नुसती शेपटी फुटलेला मोजून लोक स्वतःला फसवतात. ७० आले तर एकरी ३० किलो. ६५ आले तर सव्वाबत्तीस, ६० ला ३५. साठच्या खाली आले तर ते बी तेल गिरणीला.

कलमवाचक
+१. छापून भिंतीला लावावी अशी पोस्ट. पण विकतच्या पिशवीत आणि घरच्या बियाण्यात कायद्याचा मोठा फरक आहे, तो सुटला. पिशवी न उगवल्यास खूणचिठ्ठी, पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवायचं, तालुक्याच्या तक्रार समितीकडून पंचनामा करून घ्यायचा आणि ग्राहक आयोगात जायचं. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. घरचं बी फसलं तर दाद मागायला समोर कुणीच नसतं.

तरटी
सोयाबीनवरून हक्काची चर्चा म्हणजे सोपा पेपर निवडणं. कपाशीचं बोला. राज्यातली कपाशी जवळजवळ सगळी बीजी-२ संकरित, म्हणजे बोंडअळीविरुद्धची दोन बीटी जनुकं घातलेली. तिचं बी राखायचा हक्क कायद्याने आहे. राखून काय होतं? दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत: एक कमरेइतकं, एक गुडघ्याइतकं, बोंडं लहानमोठी, वेचणी पुढेमागे. बीटीची दोन्ही जनुकं एकाच पालकातून आलेली असतील आणि वेगवेगळी वाटली जात असतील, तर सोळातल्या नऊ झाडांत दोन्ही, सहांत एकच आणि एकात एकही नाही. एकच जनुक असलेल्या झाडावर अळी पूर्ण मरत नाही, सरावते. गुलाबी बोंडअळीने बीजी-२ आधीच पचवलंय, त्यात ही भर.

म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, ३९ कलम, सगळं जागेवर, आणि शेतकरी दरवर्षी दुकानाच्या रांगेत. हक्क काढून घ्यायला कायदा बदलावा लागत नाही, संकर पुरतो.

पैदासकार
@तरटी, हेच तर म्हणतोय. फक्त तुम्ही दोष संकराला देता, मी ज्या व्यवस्थेने दुसरा रस्ता ठेवला नाही तिला. सरळ (संकर नसलेल्या) वाणांच्या सघन लागवडीवर सरकारी संशोधन झालेलं आहे, पण त्या बियाण्याच्या पिशव्या बाजारात दिसतात का?

वाणजपू
या धाग्यात ९.२ एका ओळीत उरकलंय. त्यात बियाणं राखण्यापलीकडच्या तीन गोष्टी आहेत: पारंपरिक ज्ञानाचं रक्षण, फायद्यात वाटा आणि निर्णयात सहभाग. आपलं खरं अपयश तिथे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. पटेल-३ धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत त्यांनी बारीक दाण्याचं एचएमटी वाण उभं केलं. ते शेतकऱ्यांच्या देवघेवीतूनच राज्याबाहेर पोचलं. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्याचं शुद्धीकरण करून पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित केलं. दादाजी २०१८ मध्ये गेले, हलाखीतच. देवघेवीचा हक्क त्यांनी पुरेपूर वापरला. फायद्यातला वाटा कायद्याच्या कलम २६ मध्ये आणि जनुक निधी कलम ४५ मध्ये छापलेला आहे.

शेतकरी वाणाची नोंदणी फुकट आहे, हे तरी किती जणांना माहीत? अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा विद्यापीठाच्या संशोधन संचालकाची शिफारस लागते. अडतं ते समितीपाशी, कारण बऱ्याच गावांत ती नुसती फलकावर असते.

बांधकरी
९.२ चा मुद्दा मान्य, माझ्या मूळ पोस्टमध्ये घाई झाली. पण यातही अंमलबजावणी आपल्याच कायद्याची आहे, कराराची नाही.

कलमवाचक
आपला कायदा कसोटीला लागला तेव्हा काय झालं? २०१९ मध्ये पेप्सिकोने एफएल २०२७ या चिप्सच्या बटाट्यावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यातल्या चौघांकडे प्रत्येकी १ कोटी ५ लाख मागितले. आरडाओरडा झाल्यावर मे महिन्यात दावे मागे घेतले, त्यामुळे ३९(१)(चार) वर निकाल आलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने वाणाची नोंदणी रद्द केली, जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते कायम ठेवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने नोंदणी परत जिवंत केली. तो सगळा वाद अर्ज कसा भरला याचा होता: वाण 'नवं' की 'विद्यमान' (आधीपासून वापरात असलेलं), पहिली विक्री कधीची. शेतकऱ्याचा हक्क अजून कोर्टाने नीट तपासलेला नाही. म्हणूनच बाहेरचा आधार सोडू नका म्हणतो.

गटशेती
वाचतोय. एक व्यवहाराचा प्रश्न. शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांचं सोयाबीन बियाणं स्वच्छ करून ३० किलोच्या पिशव्यांत, वाणाचं नाव छापून विकलं तर ३९ चं संरक्षण आहे का?

कलमवाचक
बहुधा नाही. बी संरक्षित वाणाचं आहे हे कळेल असं लेबल लावून पिशवीत भरलं की कायद्याच्या व्याख्येत ते 'ब्रँडेड' झालं. पिशवीवर कंपनीचा ब्रँड असायचीही गरज नाही. शिवाय ३९ शेतकऱ्याला आहे, आणि व्याख्येतला शेतकरी म्हणजे जमीन कसणारा, कसून घेणारा किंवा देशी वाणं जपणारा. उत्पादक कंपनी त्यात बसते का, यावर भांडण होऊ शकतं. १९६६ च्या बियाणे कायद्याचं कलम २४ सूट देतं, पण ती स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवरून, पेरणीसाठी थेट दुसऱ्याला देणाऱ्याला. धंदा म्हणून विक्री केली की १९८३ च्या नियंत्रण आदेशाचा परवाना आला.

चाळणी
त्यापेक्षा सरळ मार्ग घ्या. विद्यापीठाशी करार करून पायाभूत बियाणं (ज्यापासून विक्रीचं बी तयार करतात ते) उचला, विक्री परवाना काढा, सत्यप्रत लेबल (दर्जाची हमी विक्रेत्याची स्वतःची) लावा. किंवा वाण जुनं निवडा. पिकांच्या वाणाला संरक्षण १५ वर्षं, आधीच अधिसूचित झालेल्याला अधिसूचनेपासून मोजून. जेएस-३३५ हे १९९४ चं, त्यावर आता कुणाचाच मालकी हक्क नाही. परवाना, उगवण ७० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के, एवढं मात्र त्यालाही चुकत नाही.

गटशेती
लेबल न लावता, साध्या गोणपाटात सभासदाने सभासदाला दिलं तर?

कलमवाचक
शेतकऱ्याने शेतकऱ्याला, आपल्या खळ्यावरून? खुशाल. कंपनीच्या नावाने पावती मात्र फाडू नका.

चाळणी
आणि देताना सोबत गोणपाटावरचा आकडा सांगा. शंभरात किती उगवले ते.