मोठा ऑइल फिल्टर बसवून फायदा होतो का?

वारणाकाठ:
पेट्रोल स्विफ्ट आहे. ऑइल, फिल्टर 10,000 किमीला किंवा वर्षाला बदलतो. त्याच आट्यांचा, पण उंच डब्याचा फिल्टर मिळतोय. जास्त घाण धरेल म्हणजे इंजिन जास्त टिकेल का?

सांगलीचा मेस्त्री:
दादा, गरज नाही. क्षमता म्हणजे फिल्टर तुंबून बायपास (ऑइल न गाळताच पुढे सोडणारी वाट) उघडायच्या आधी कागद किती ग्रॅम घाण धरतो ते. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत तेवढी घाण जमतच नाही. मी उतरवलेले फिल्टर कापून बघतो. कागद पसरून उन्हात धरला की घड्या नुसत्या काळ्या दिसतात, गाळ नसतो. चकाकणारे कण दिसले तर मात्र बेअरिंगकडे बघा. तिथं मोठा फिल्टर काही करणार नाही.
पैसे एअर फिल्टरवर घाला. कच्च्या रस्त्याची धूळ तिथूनच शिरते. त्याच्या बॉक्सच्या क्लिपा नीट बसल्यात का, तेही बघा.

वारणाकाठ:
आणि थोरल्या भावाची डिझेल?

सांगलीचा मेस्त्री:
डिझेलची काजळी फार बारीक, बरीचशी कागदातून पार होते. ती ऑइलबरोबरच काढायची. त्यामुळे तिथं ऑइल बदलायला उशीर नको.

कोथरूडकर:
मेस्त्रींशी सहमत. एक भर घालतो: फिल्टरमधली रबरी झडप कडक झाली की रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड ऐकू येते. डब्याच्या उंचीपेक्षा ती झडप चांगली असणं मला महत्त्वाचं वाटतं. शिवाय उंच डबा खाली आला तर स्पीडब्रेकरला घासायचा. कंपनीने सांगितलेलाच घ्या.