मदत हवी आहे: अहमदाबादच्या जामा मशिदीचे मनोरे आणि मोडी कागद

अहमदाबादच्या माणेक चौकालगतची जामा मशीद सुलतान अहमदशाहाने 1424 मध्ये बांधली. 260 खांब, 15 घुमट. दर्शनी कमानीशेजारचे झुलते मनोरे 1819 च्या कच्छच्या भूकंपात पडले, आज फक्त खालचे कोरीव बुंधे उरलेत. मला शोध आहे तो मनोरे उभे असतानाच्या मराठी नोंदींचा.

भूकंपाच्या आधी साठेक वर्षं शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा सामाईक अंमल होता. जवळच्या ‘तीन दरवाजा’ या जुन्या वेशीवर मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा 1812 चा देवनागरी लेख आहे, मुलींना वडिलार्जित मालमत्तेत हक्क देणारा. (जरूर पाहा, फार मोलाचा आहे.) एवढं लिहून ठेवणाऱ्यांनी मशिदीची दुरुस्ती, दिवाबत्ती, इनाम याबद्दल काहीच लिहिलं नसेल असं वाटत नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदाबाद खंड वाचला आहे. पर्यटन माहिती किंवा इंग्रज प्रवाशांची वर्णनं नकोत. मोडी वाचता येते, पण सावकाश. सगळे रुमाल (कागदांची बांधलेली गाठोडी) चाळणं शक्य नाही.

पुण्यातल्या पेशवे दफ्तरात किंवा बडोद्याच्या दफ्तरात अहमदाबाद सुभ्याचे हिशेब नेमके कोणत्या विभागात ठेवलेत, आणि त्यात मशिदीचा उल्लेख कुणी स्वतः पाहिला आहे का?