शेफमुळे नागलीला मान मिळाला, नागलीवाल्यांना मिळाला का?

जुना_गंगापूरकर

निमित्त एका जाहिरातीचं. नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात टीव्हीवरचे एक नावाजलेले शेफ येऊन 'रानातली थाळी' रांधणार आहेत. नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, करटुली आणि शेवळं या रानभाज्या. ताट १,८०० रुपयांना, कर वेगळा. माझ्या ओळखीतल्या तिघांनी लगेच जागा राखून ठेवल्या. यातल्या एकाने मागच्या पावसाळ्यात पेठ फाट्यावर बसलेल्या बाईशी करटुल्यांच्या वाट्यावरून दहा मिनिटं घासाघीस केली होती. मी शेजारीच उभा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रसिद्ध शेफचा हात लागला की पदार्थ वरच्या मजल्यावर जातो, खाणाराही स्वतःला वरचा समजू लागतो, आणि रांधणारी माणसं होती तिथेच राहतात. पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी पट्ट्यातली पोरं शिकायला नाशकात आली की डब्यातली काळी भाकरी झाकून खायची. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, शेफमंडळींनी नागलीचे केक, डोसे, लाडू करून दाखवले आणि तीच भाकरी एकदम आरोग्यदायी झाली. २०२४-२५ साठी नागलीचा हमीभाव होता क्विंटलला ४,२९० रुपये, म्हणजे किलोला त्रेचाळीससुद्धा नाहीत. मॉलमध्ये नागलीच्या बिस्किटांच्या पाकिटावरची किंमत बघा आणि मधलं अंतर कोण खातं ते सांगा.

शेफ वाईट माणसं आहेत असं मी म्हणत नाही. पण ती ज्या वर्गासाठी रांधतात, त्याला चवीपेक्षा चवीची गोष्ट विकत घ्यायची असते.

तवा_तापलाय

असहमत, आणि जरा रागानेच लिहितोय.

मी सिडकोतला. वडील अंबडच्या कारखान्यात. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हटल्यावर घरात महिनाभर अबोला. "आचारीच व्हायचं होतं तर शिकवलं कशाला?" हे वाक्य नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. ते वातावरण टीव्हीने बदललं. १९९३ मध्ये संजीव कपूर 'खाना खजाना'त दिसायला लागले तेव्हा पांढरा कोट घातलेला स्वयंपाकी घराघरात साहेबासारखा पोचला. तरला दलाल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, कपूर यांना २०१७ मध्ये. ज्या कामाला आपल्याकडे लग्नाच्या मांडवामागची जागा होती, त्याला राष्ट्रपती भवनात बोलावणं आलं. हे तुम्हाला क्षुल्लक वाटतं?

आता १,८०० चा हिशेब. हॉटेलात कच्च्या मालावर ढोबळमानाने ताटाच्या किमतीचा तिसरा हिस्सा जातो. बाकी भाडं, गॅस, वीज, पगार, फेकलेला माल आणि रिकामी राहिलेली टेबलं. त्यात पाहुण्या शेफचं मानधन. नफा आहेच, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आणि किचनमध्ये बारा-चौदा तास उभं राहणारी पोरं कोण असतात? गंगापूर रोडच्या बंगल्यांतली नक्कीच नाहीत.

राहिली पेठ फाट्यावरची बाई. तिच्याशी घासाघीस शेफने केली का? तुमच्या मित्राने केली. शेफला शिव्या घालणं सोपं, कारण त्याचा फोटो छापलेला असतो.

रस्सा_वेगळा

तवाभाऊंशी सहमत. माझी भर.

आमचं मिसळीचं दुकान आहे. नाव देत नाही, जाहिरात केली म्हणाल. आजोबांची हातगाडी होती, गिऱ्हाईक म्हणजे सातपूरच्या शिफ्टचे कामगार आणि रिक्षावाले. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, पाव, पोट भरलं पाहिजे बस्स. आता शहराबाहेर मळ्यात टेबलं टाकलीत. चुलीवरचा रस्सा, पापड, दही, जिलेबी, पोरांना झोके, गाड्यांना पार्किंग. रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग. एका रीलवाल्या शेफने येऊन खाल्लं, दुसऱ्या आठवड्यात पाव कमी पडले.

तेव्हापासून जुने लोक भेटले की "मिसळ कामगारांची राहिली नाही" म्हणून हळहळतात. हेच लोक पिझ्झ्याचे चारशे निमूट देतात. मिसळीचे दीडशे म्हटलं की "मटकीचे एवढे?" आमचं अन्न गरिबाचं, म्हणून ते स्वस्तच राहावं, हा कुठला न्याय? आम्ही जन्मभर टपरीतच राहायचं का, तुमच्या आठवणी जपायला?

(आणि चुलीवरची म्हणजे खरंच चुलीवरची. धुराने माझ्या आईचे डोळे आजही चुरचुरतात.)

चौथी_पंगत

धागाकर्ते 'वर्ग' म्हणतात, मी सरळ जात म्हणतो. नाशकात बसून अन्नावर बोलताना हे टाळता येत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, पुढे दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला. दार बंद होतं देवळाचं, पण पाणवठा, पंगत आणि देऊळ यांची कुलपं एकाच किल्लीची होती.

आता शेफकडे वळू. टीव्हीवर 'अस्सल महाराष्ट्रीय' म्हणून काय येतं? पुरणपोळी, आळूचं फतफतं, साबुदाणा, फार तर कोल्हापुरी मटण. आदिवासी थाळीला आता मान मिळतोय, कारण रान आणि निसर्ग म्हटलं की शहरी माणसाला शुद्ध वाटतं. पण वजडी (जनावराची आतडी), रक्ती (शिजवलेलं रक्त), उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या यांची थाळी कुठल्या पंचतारांकित हॉटेलात पाहिलीत? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं तेव्हा मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातलं हे सगळं कृतींसकट छापून आलं. तेल महाग म्हणून कमी, मसाला मोजका, जनावराचा कुठलाच भाग वाया नाही. यातली एक तरी कृती कुणा शेफने करून दाखवली असेल तर मला कळवा, मी १,८०० भरून जाईन.

इंदिरानगरची_सुगरण

प्रत्येक धागा शेवटी जातीवर येतोच का? मी टीव्ही बघून शिकले. सासरी पंचवीस वर्षं एकाच चवीचा स्वयंपाक होता. ढोबळी मिरची चिरायला लागले तर सासूबाई म्हणायच्या, "हे हॉटेलातलं घरात नको." दुपारी कार्यक्रम बघून मी हळूहळू बेकिंग शिकले, आज घरून केकच्या ऑर्डरी घेते. पैसे माझ्या खात्यात येतात. मला शेफने काय दिलं हे मला ठाऊक आहे.

चौथी_पंगत

ताई, तुम्हाला मिळालं याचा आनंदच आहे. पण तुमच्या सासूबाईंना हॉटेलातलं घरात का नको होतं, तेवढं एकदा त्यांना विचारा. हॉटेलात कोणी रांधलं ते कळत नाही, म्हणून नको होतं का? मी आरोप करत नाही, विचारतोय.

लीड्समधला_पंचवटीकर

इथे इंग्लंडात हा वाद जाहीरपणे झालाय. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या शेफने शाळांतल्या जेवणावर टीव्ही मालिका केली. मुलांना तळलेलं, कारखान्यातून आलेलं निकृष्ट अन्न मिळतं हे दाखवलं, सरकारला पैसे वाढवायला लावले. काम चांगलंच. पण २००६ मध्ये रॉदरहॅमजवळच्या एका शाळेत नवा मेनू आल्यावर काही आया दुपारी कुंपणाच्या फटीतून पोरांना बर्गर आणि चिप्स द्यायला लागल्या. वर्तमानपत्रांनी त्या बायकांची यथेच्छ टिंगल केली. जाड्या, अडाणी, आळशी, काय काय. त्यांचं म्हणणं कोणी धड ऐकलं नाही: जेवणाच्या सुट्टीत मुलांना वेळ पुरत नाही, नवं अन्न आवडत नाही, मग पोरं उपाशी राहतात.

गंमत म्हणजे ऑलिव्हर काही अमीर-उमरावांच्या घरचा नव्हे, वडिलांच्या पबच्या स्वयंपाकघरात वाढलेला. पुढे २००८ मध्ये तो त्याच रॉदरहॅममध्ये लोकांना स्वयंपाक शिकवायला गेला. म्हणजे शेफ कुठून आला याने फार फरक पडत नाही. कॅमेरा लागला की एका बाजूला शिकवणारा उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला 'सुधारायची' माणसं.

तवा_तापलाय

मग त्याने काय करायला हवं होतं? पोरांना तळकट खाऊ द्यायचं? चांगलं सांगणारा वरचढ वाटतो म्हणून चांगलं सांगायचंच नाही, हा तर्क मला झेपत नाही.

सुरगाण्याची_शिक्षिका

शाळेच्या जेवणाचा विषय निघालाच आहे तर प्रत्यक्ष चुलीजवळचं सांगते. मी जिल्हा परिषद शाळेत आहे. जून २०२४ मध्ये शालेय पोषण आहाराच्या नव्या पाककृती आल्या. तज्ज्ञांची समिती नेमली होती, पंधरा प्रकार ठरले. भाताचा पदार्थ, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शिवाय तांदळाची खीर किंवा नाचणी सत्त्व. अंडा पुलावही होता. वाचायला झकास. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने सांगितलं की अंड्यांना आणि साखरेला वेगळा निधी नाही, हवं तर लोकसहभागातून करा. आमच्या पाड्यावर लोकसहभाग म्हणजे कुणाची तरी कोंबडी.

हे सगळं रांधते एकच बाई. मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वाढून झालेलं, आधी १,५०० होतं. म्हणजे त्या हॉटेलातलं एक ताट आणि कर धरून दुसऱ्याचा चतकोर. पाणी आणणं, तांदूळ निवडणं, भांडी घासणं सगळं तिच्याच अंगावर. नागलीचं आंबील ती असं करते की पोरं वाटी चाटतात. तिला कोणी पाककृती विचारलेली मला माहीत नाही.

आणखी एक. जाहिरातीत शेवळं आहेत म्हणता. शेवळं पहिल्या पावसात येतात आणि थोडेच दिवस मिळतात. भाजीत काकडं (आंबट रानफळं) घातली नाहीत तर घसा असा खाजतो की तिथेच बसून राहाल. काकडं कुठली, किती, हे आमच्याकडच्या बायकांना कळतं. शेफच्या हाताखाली त्यांच्यापैकी कोणी आहे का, एवढं जागा राखणाऱ्यांनी फोन करून विचारावं.

जुना_गंगापूरकर

बाईंनी माझं काम सोपं केलं. रस्साभाऊ, तुमच्या दीडशेला माझी हरकत नाही, तुम्ही तुमचंच अन्न विकताय आणि पैसा तुमच्याच घरी येतोय. मी बोलतोय ते दुसऱ्याचं अन्न स्वतःच्या नावावर खपवण्याबद्दल. १,८०० घ्या, २,५०० घ्या. पण सुरगाण्याच्या दोन बायका त्या किचनमध्ये पगारावर असू द्या, शेफच्या शेजारी त्यांचाही फोटो छापा.

रस्सा_वेगळा

फोटो छापून काय होतं? आमच्या आईचा फोटो आहे की दुकानात, मोठा फ्रेम करून. लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात, आणि पाव गार आला म्हणून तिच्यावरच ओरडतात. बायकांना फोटो नको, टक्केवारी द्या. ताटामागे अमुक रुपये, लिहून.

तवा_तापलाय

टक्केवारी कुठलंही हॉटेल देणार नाही, मी आतला माणूस आहे. दिवसाचा मेहनताना देतील, तोही बरा. मी माझ्या ओळखीने विचारून बघतो. आणि बाई, अडीच हजारांचं खापर शेफच्या डोक्यावर फोडू नका, ते सरकारचं आहे.

सुरगाण्याची_शिक्षिका

फोडलंच नाही. पंधरा पाककृती ठरवताना रांधणार कोण आणि किती पैशात, हे समितीतल्या एकाने जरी विचारलं असतं तरी पुष्कळ होतं. तुम्ही हॉटेलात विचारणार असाल तर मेहनतान्यासोबत एसटीचं भाडं आणि रात्री मुक्कामाची सोयही विचारा. सुरगाण्याकडची शेवटची गाडी तुमचं रात्रीचं जेवण संपेपर्यंत थांबत नाही.