पहिला सर्फबोर्ड घरी बनवतोय: होडीचं रेझिन थर्माकोलवर चालेल का?

किनारा_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. नवशिक्याला पेलेल असा ८ फूट लांब, २२½ इंच रुंद, ३ इंच जाड सर्फबोर्ड घरीच बनवायला घेतोय. माझं वजन ७० किलो. थर्माकोलचा ठोकळा बघून ठेवलाय. इथे होड्यांना फायबर मारणाऱ्यांकडे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) हवी तेवढी मिळते. इपॉक्सी मात्र मुंबईहून मागवावं लागेल आणि ते बरंच महाग पडतं. थर्माकोलवर आधी फेविकॉलचे दोन-तीन हात देऊन वरून पॉलिएस्टर मारलं तर चालेल का? आणि कापड, रेझिन एकूण किती लागेल?

काचकापड

नाही चालणार. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, त्यामुळे तो त्यात विरघळतो. फेविकॉलच्या थरात टाचणीएवढं भोक राहिलं तरी रेझिन तिथून आत उतरतं. वरचं कवच शाबूत दिसतं आणि खाली पोकळी झालेली असते. शिवाय अशा बोर्डात काचकापड फोमला नव्हे, फेविकॉलला चिकटलेलं असतं, आणि साधा फेविकॉल पाण्याने सुटतो. थर्माकोल घेतलात की इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टरच वापरायचं तर पॉलियुरेथेन फोमचा ब्लँक (बोर्डाचा कच्चा ठोकळा) शोधा, आणि मग कोबाल्ट (रेझिन पकडण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) चुकूनही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो.

होडीची मॅटही नको. तिच्यातले तुकडे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो बहुधा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो. इपॉक्सीत तो तसाच राहतो, त्यामुळे मॅट रेलवर (बोर्डाच्या बाजूच्या गोल कडेवर) वळत नाही आणि रेझिन भरमसाट पिते. साध्या विणीचं २०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) ई-ग्लास कापड मागा, इपॉक्सीला चालणाऱ्या फिनिशचं आहे का तेही विचारून घ्या.

थर्माकोलची घनता दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. १० सेंमी लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितकी किलो प्रति घनमीटर घनता. २४ ते ३२ मध्ये असेल तर घ्या. पॅकिंगचा १०-१५ चा माल अंगठ्याने दाबला तरी खचतो. डेकवर (उभं राहायच्या वरच्या बाजूवर) टाचा रुतून खड्डे पडतील.

तुमच्या मापाला तळाला एक थर, डेकला दोन. प्रत्येक तुकडा २.६ मीटर, म्हणजे एक मीटर पन्ह्याचं ८ मीटर कापड पुरेल. रेझिन-हार्डनर मिळून: फोम सील करायला ३०० ग्रॅम, तळाला ५००, डेकला ८००, दोन्ही बाजूंच्या फिल कोटला (कापडाची वीण भरणारा वरचा हात) ६००, फिन बॉक्सला (तळाची फिन बसवायची पेटी) १००. सांडलवंड धरून ३ किलो मागवा.

रंधा_आणि_रॉकर

आकाराबद्दल थोडं. स्ट्रिंगरसाठी (बोर्डाच्या मधोमध लांबीभर जाणारी लाकडी पट्टी) ६ मिमी मरीन प्लाय घ्या आणि रॉकर (टोकांकडे वर उचललेला बाक) आधी त्यावरच आखा. आपल्या किनाऱ्यावरच्या मऊ लाटांना सपाट बोर्ड बरा, म्हणून नोजला (पुढच्या टोकाला) ४ इंच, टेलला (मागच्या टोकाला) २ इंचांपेक्षा जास्त उचलू नका. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना रॉकरचे साचे ठोकून नायक्रोमच्या तापलेल्या तारेने कापा. तार घाईने ओढली की मधोमध मागे राहते आणि फोमच्या मध्यावर उंचवटा उरतो. तार लाल होऊ देऊ नका, हात सावकाश चालवा. मग ठोकळा मधोमध उभा चिरून स्ट्रिंगर इपॉक्सीने चिकटवा. सॉल्व्हंटवाले गोंद थर्माकोल खातात, स्प्रे पेंटचंही तेच. रंग द्यायचा तर पाण्यातला ॲक्रिलिक.

आउटलाइनचा साचा हार्डबोर्डवर अर्धाच कापा आणि स्ट्रिंगरच्या रेषेवर उलटा करून दुसरी बाजू आखा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. फोमला ८० नंबरचा पॉलिश पेपर लांब फळीवर लावून घासा. रंधा फक्त स्ट्रिंगरला, तोही धारदार. बोथट पात्याने शेजारचे मणी उपटून येतात.

टेलजवळची धार फोममध्ये तीक्ष्ण ठेवू नका. पेन्सिलीच्या गोलाईपेक्षा बारीक कडेवर कापड बसत नाही, हवा धरतं. ती धार फिल कोटच्या वेळी टेपचा बांध घालून रेझिनमध्येच उभी करायची.

किनारा_रत्नागिरी

दोघांचेही आभार. इथल्या एका दुकानात एलवाय-५५६ इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर एचवाय-९५१ मिळतंय. ते घेऊ का? आणि लॅमिनेशन (फोमवर कापड रेझिनने बसवणं) सकाळी करू की दुपारी?

काचकापड

नाइलाज असेल तरच. त्याचं प्रमाण वजनाने १००:१०. रेझिन मधासारखं दाट आहे, कापडात मुरायला वेळ घेतं आणि तेवढ्यात हार्डनर पकडायला लागतो. लॅमिनेशनसाठी पातळ आणि संथ हार्डनरचं इपॉक्सी मिळालं तर पहिल्या बोर्डाला तेच घ्या. कोणतंही असो, डब्यावरचं प्रमाण काट्यावर तोलून घ्या. पॉलिएस्टरला हार्डनर कमी-जास्त करून वेग बदलता येतो, इपॉक्सीला नाही. जास्त घातलेला हार्डनर आत तसाच राहतो आणि बोर्ड कायमचा चिकट, मऊ होतो.

स्क्वीजी_मालवण

वेळेचा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं, कारण पहिला बोर्ड बहुतेक वेळा इथेच बिघडतो. थर्माकोलमध्ये हवा असते. सकाळी काम सुरू केलंत आणि खोली तापत गेली की ती हवा फुगून ओल्या कापडातून बाहेर येते आणि लॅमिनेशनभर बारीक फोड उठतात. म्हणून बोर्ड दुपारभर त्याच खोलीत गरम होऊ द्या आणि चार-पाचच्या सुमारास, पारा उतरायला लागला की सुरू करा. मग फोम हवा आत ओढतो आणि कापड घट्ट बसतं. उन्हात अजिबात नको. पावसाळ्यात हे काम काढूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आदल्या दिवशी फोम सील करा. इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ बारीक कणांची पूड) कालवून श्रीखंडाइतकं दाट करा आणि पट्टीने मण्यांमधल्या फटींत दाबून, वरचं सगळं खरवडून काढा. हे टाळलंत तर फोम कापडातलं रेझिन पितो आणि वजन वाढतं.

तळ आधी. कापड रेलच्या खाली ५ सेंमी उतरेल असं कापा, नोज आणि टेलला चिरा द्या. एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. तीन मिनिटं तळ-कडा खरवडत ढवळा आणि लगेच बोर्डवर ओता. कपात राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघेपर्यंत. स्क्वीजी (रेझिन पसरायची लवचिक पट्टी) स्ट्रिंगरकडून रेलकडे चालवा. पांढुरकं दिसतं तिथे कापड कोरडं आहे. चकचकीत डबकं दिसतं तिथे कापड तरंगतंय. वीण स्पष्ट दिसावी आणि ती ओली असावी, एवढंच बघायचं. शेवटी लॅप (रेलखाली उतरलेलं जादा कापड) वळवून रेलखाली दाबून बसवा.

दुसऱ्या दिवशी लॅपची कड घासून सपाट करा, मग डेक. डेकचा आतला थर रेलपाशीच कापा, फक्त बाहेरचा तळावर वळवा.

फिल कोट त्याच रात्री, लॅमिनेशन बोटाला चिकटतं पण बोटावर येत नाही अशा वेळी दिलात तर घासावं लागत नाही. उशीर झाला तर सकाळी वर तेलकट थर दिसेल. दमट हवेत हार्डनरमुळे तो येतो. आधी पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, मगच घासा. न धुता घासलंत तर तो थर कागदाने आत रगडला जातो आणि पुढचा कोट माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो.

रंधा_आणि_रॉकर

फिनसाठी एकच लांब बॉक्स बसवा, मागची कड टेलपासून ६-७ इंचांवर. फिल कोटनंतर राउटरने खाच काढा, तळाशी कापडाचा तुकडा आणि दाट इपॉक्सी भरून बॉक्स दाबा. बॉक्सच्या खाचेवर आधी टेप लावा, नाहीतर रेझिन आत जाऊन फिन बसणार नाही. लीश प्लग (पायाला बांधायची दोरी अडकवायची खोबण) डेकवर, टेलपाशी, स्ट्रिंगरच्या बाजूला. मग ८०, १२०, २२० असा पेपर. घासताना वीण दिसायला लागली की थांबा आणि तेवढ्या भागावर परत कोट द्या. कापड कापलं गेलं तर तिथून पाणी शिरतं.

स्क्वीजी_मालवण

नायट्राइल हातमोजे कामाच्या प्रत्येक टप्प्याला, आणि घासताना एन-९५ मास्क. त्वचेला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने पुसू नका, त्याने ते पातळ होऊन अंगात मुरतं. साबण-पाण्याने धुवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आणि पाण्यात न्यायच्या आधी बोर्ड आठवडाभर सावलीत ठेवा. बंद गाडीत उन्हात ठेवलात तर आतली हवा फुगून कापड फोमपासून सुटेल, मग ते आठवड्यानंतर असो की वर्षानंतर.