मदत हवी आहे: गटासाठी ब्रायर कुणी वापरतंय का?

नमस्कार मंडळी. मी बीडजवळच्या खेड्यातला. फेब्रुवारी 2024 मध्ये जालना, बीड, संभाजीनगरात नेट बंद झालं तेव्हा आमचा शेतकरी गट पार मुका झाला होता. म्हणून आता ब्रायर हे निरोप पाठवायचं मोबाईल ॲप बघतोय. मोबाईल नंबर लागत नाही, मधे कंपनीचा सर्व्हर नाही. नेट असलं तर टॉरवरून (म्हणजे ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून), नसलं तर ब्लूटूथ किंवा वायफायनं निरोप जातो. ऐकायला झकास!

पण भावाच्या फोनवर टाकलं अन् वेगळीच गंमत. तो शेतात, फोन बंद. निरोप माझ्याच फोनवर पडून. दोघं एकाच वेळी चालू पाहिजेत. त्यावर 'मेलबॉक्स' हे निरोप सांभाळून ठेवणारं जोडीचं ॲप आहे म्हणे, पण त्यासाठी एक जादा अँड्रॉइड फोन कायम चार्जिंगला अन् नेटवर ठेवायचा. आमच्याकडं लाइट म्हणजे रामभरोसे! पासवर्ड विसरला तर खातं गेलंच, अन् आमचे दादा एटीएमचा पिनसुद्धा पासबुकावर लिहून ठेवतात. कॉलची सोयही नाही.

कुणी वापरलंय का? बॅटरी किती खातं? मेलबॉक्सला जुना फोन पुरतो का? नेट बंद असताना गल्लीपलीकडं निरोप खरंच पोचतो, की साध्या एसएमएसवरच भागवावं?